सांध्यावरची पायरी

शहाबाज आतार जांबे गावातल्या एका वर्कशॉपमध्ये एकतीस वर्षं लेथ यंत्रावर उभा होता. मापाचं गेज वापरण्यात त्याला कमीपणा वाटे. दोन नळ्यांचा सांधा जुळला की नाही, हे तो आत तर्जनी फिरवून सांगे, आणि मालक शरदचंद्र त्या बोटाच्या भरवशावर सही करत. शुद्ध मूर्खपणा. पण इतकी वर्षं निभावला, म्हणून कोणी तसं म्हणालं नाही.

दिवाळीपासून ती बोटं बधिर होती. मधुमेह. बायकोला, साबेरालाही, त्यानं कळू दिलं नव्हतं. बोट गेलं की लेथ गेला. मग अठ्ठावन्नाव्या वर्षी एखाद्या सोसायटीच्या गेटवर काठी घेऊन बसायचं.

एप्रिलमध्ये प्रयोगशाळेतली मेधा त्यानंच जोडलेल्या नळीचा तुकडा घेऊनच आली. तिचं काम असं : लांब नळीच्या एका टोकाला वायू दाबून भरायचा. मधला पातळ पत्रा फाटला की आघातलहर नळीभर धावते आणि सेन्सर तिचा दाब टिपतात. नळी आतून एकसारखी असेल तर लहर सरळ जाते. मध्येच सांध्यावर केसभर पायरी लागली की तिथं आपटते, थोडी मागं उलटते आणि पुढचे आकडे नासतात.

"चाचा, आलेखावर दर वेळी एक जादा उंचवटा येतोय. चार सेन्सर बदलले मी."

"पाचवा बदला, म्याडम. सांधा आरशावानी हाय."

"एकदा बघा तरी."

त्यानं बोट फिरवलं. "कायबी न्हाई. तुमचा वायूच येडा आसंल."

मेधा हसली. तिनं स्वतःचं नख आतून ओढलं. टक्! ते अडकलेलं त्यालाही ऐकू आलं. त्यानं पुन्हा बोट घातलं, दाबून, दोनदा.

"चाचा, रक्त!"

बोट चिरलं होतं. त्याला पत्ता नव्हता.

शरदचंद्र केबिनमधून बाहेर आले. "काय झालं रे?"

घाईत एक सांधा चुकला, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं.

"शेठ, दिवाळीपासनं बोटाला कळत न्हाई."

"म्हणजे तेव्हापासूनच्या नळ्या..."

"समद्या परत मागवा."

मेधानं प्रयोगांच्या नोंदींची वही काढली. दिवाळीनंतरच्या पहिल्या पानावर आडवी रेघ मारली, पान उलटलं, पुन्हा रेघ. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. बोटाला चिंधी गुंडाळून तो शेवटच्या पानापर्यंत तिथंच उभा राहिला.

"उद्यापासून लेथला हात लावू नको," शरदचंद्र म्हणाले.

"व्हय," शहाबाज म्हणाला.