ओटीतला नारळ

माझं डोकं लवकर तापतं आणि लवकर निवतं, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. पण गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ते तापलं, ते अजून निवलेलं नाही.

इथे जपानात, इचिकावात आम्ही मराठी बायका रथसप्तमीपर्यंत आळीपाळीनं हळदीकुंकू करतो. वाण शंभर येनच्या दुकानातलं, हलवा पुण्याहून आलेला. तेव्हा सासूबाई तीन महिन्यांसाठी आलेल्या, म्हणजे सगळं यथासांग व्हायला हवं. माझ्या जपानीच्या वर्गातल्या मैत्रिणीलाही मी बोलावलं. ती पॅसिफिकमधल्या बेटांवरची, नवरा जपानी. आम्ही दोघी मोडक्यातोडक्या जपानीत बोलतो आणि आमचं छान जमतं.

"पहिल्यांदा घरी येतेय, तिची ओटी भरायलाच हवी," सासूबाई म्हणाल्या. मी तिच्या खांद्यावर माझी ओढणी टाकली आणि पदर कसा धरायचा ते दाखवलं. तांदूळ झाले, खण झाला, वर नारळ आला. तो पाहून तिचा चेहरा उतरला. तिनं दोन्ही हातांनी तो उचलला आणि परत ताटात ठेवला.

"अगं बाई! भरली ओटी कुणी परत करतं का?" सासूबाईंना ते लागलं.

मी तिला कारण विचारलं. "दर रविवारी आई फोनवर आपल्या घरचा नारळ मागते," ती म्हणाली. "मी नाही म्हणते. मग मी इथे कसा घेऊ?"

पुढचं ती सांगत गेली आणि मी मराठीत सांगत गेले. तिची आई आजीच्या कडेवर होती तेव्हा परक्या देशाचे लष्करी अधिकारी बेटावर आले. थोडे दिवस दुसरीकडे जा, म्हणाले. माणसं गेली आणि मागे तिथे चाचणीसाठी अणुबॉम्ब फोडत राहिले. पुढे कित्येक वर्षांनी सांगितलं, आता सगळं स्वच्छ आहे, या परत. आई तेव्हा नवी नवरी. हौसेनं संसार मांडला, नारळ खाल्ले, खेकडे खाल्ले. मग पुन्हा जहाज आलं. तुमच्या अंगात विष उतरलंय, निघा. झाडाला काय कळणार? मुळांना मातीत जे मिळालं ते त्यानं नारळात चढवलं. आता म्हणे कुणाला जायचं तर जावं, फक्त तिथं उगवलेलं खाऊ नये. कोकणातल्या माणसाला सांगून बघा, बाबा रे, घरी राहा पण माडाला हात लावू नकोस. तो तुम्हाला धड परत पाठवेल का?

"घरी जाऊन डब्यातलं खायचं?" असं तिची आई विचारते. ऐंशीच्या पुढची आहे. तिला शेवटचे दिवस तिथेच काढायचेत आणि घरचा नारळ खायचाय, आणि न्यायचं की नाही हे या एकुलत्या एक मुलीनं ठरवायचंय.

आमच्यातली एक मुंबईची, कामाला आयटीत. ती म्हणाली, "सॅड आहे गं. पण त्या टायमाला कुणाला एवढी आयडिया होती?"

"आयडिया नव्हती तर स्वतःच्या अंगणात का नाही फोडला?" मी म्हटलं. आवाज चढला होता, चढू दे. कळत होतं म्हणूनच घरापासून इतक्या लांब गेले. त्या बॉम्बांची राख ट्यूना पकडायला गेलेल्या इथल्या बोटींवरही पडली. समुद्राला कुठली आलीय वेस? पण बोटींतली माणसं निदान आपल्या गावी परतली. या लोकांचं गावच नासवलं. वर यांनाच शहाणपण शिकवायचं, काय खावं नि काय खाऊ नये!

"सणाच्या दिवशी कशाला हे विषय?" कुणीतरी पुटपुटलं. मी उत्तर देणार, एवढ्यात सासूबाईच बोलल्या, "दारात कुणी चूळ टाकली तरी आपण भांडतो. आणि ही बोलली तर सण बाटतो होय?" आमचं सासू-सुनेचं इतकं एकमत तोवर कधी झालं नव्हतं.

मग त्या तिच्याजवळ जाऊन बसल्या. "विचार तिला," मला म्हणाल्या, "आईचं काय ठरवलंस?"

मी विचारलं. तिनं ओढणीतल्या तांदळांत बोटं फिरवली.

"नेणार आहे," ती म्हणाली. "तिथे गेल्यावर ती नारळ मागणारच. तिला आता कोयता धरवत नाही. मीच फोडून देणार."