ताई बघायच्या, मी चालायचे

फोन आला तेव्हा मी डबा भरत होते. आयसीयूच्या बाहेर बसून खायला माझ्यापुरता वरणभात. हॉस्पिटलमधल्या मुलीनं माझं नाव विचारलं, पेशंटचं नाव सांगितलं आणि ‘तुम्ही जरा लवकर या’ एवढंच म्हणाली. अकरा दिवसांत त्या आवाजांची इतकी सवय झाली होती, की पुढचं तिनं न सांगताच समजलं. खोटं कशाला बोलू, सगळ्यात आधी मनात आलं ते हे, की आता उद्यापासून डबा भरायचा नाही. रडू त्यानंतर पुष्कळ उशिरा आलं, आणि तेही तिच्यासाठी की माझ्या दुखऱ्या पायांसाठी, सांगता येणार नाही… शकुताई म्हणजे माझी थोरली नणंद. जाताना तिनं एकच गोष्ट माझ्या भरवशावर सोडली होती, आणि ती गेल्यावर चौदाव्या दिवशी मी ती माझ्याच हातानं घालवली. हे लिहायला बसले ती त्यामुळे. ती गोष्ट म्हणजे भाताची शेती. चामटोली गावातली नव्हे, आमच्या जुन्या लॅपटॉपमधली.

वर ‘तिनं’ लिहून गेले. समोर अशी एकेरी हाक मारायची माझी काय, कुणाचीच टाप नव्हती. शकुताई चामटोलीहून येऊन-जाऊन बीएस्सी झाल्या, अंबरनाथच्या आनंदनगरमधल्या एका रंगाच्या कारखान्यात लॅबमध्ये लागल्या आणि तिथूनच रिटायर झाल्या. लग्न केलं नाही. माझे यजमान गेल्यावर त्या बदलापूरला आमच्या फ्लॅटवर राहायला आल्या, ‘तुला सोबत’ म्हणून. सोबत कसली, देखरेखच ती. कुकरच्या शिट्ट्या त्या आतल्या खोलीतून मोजायच्या. पुढे त्यांच्या किडन्या गेल्या, आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं आणि देखरेख उलटी फिरली. त्यांनी दिवसभरात किती पाणी प्यायलं ते आता मी मोजायचे. दोघींनाही ते आवडत नव्हतं. घरात बोलणं उरलं होतं ते गोळ्या, पथ्य आणि रिपोर्ट एवढंच.

माझी मुलगी सायली जर्मनीला असते. आमचा हा अबोला तिला फोनवरही ऐकू येत असावा. सुट्टीवर आली तेव्हा तिनं आपल्या जुन्या लॅपटॉपवर तो चौकोनी ठोकळ्यांचा खेळ घालून दिला. झाडं तोडायची, दगड फोडायचे, घर बांधायचं, शेती करायची, उपाशी राहायचं नाही आणि भुतांच्या तावडीत सापडायचं नाही. की-बोर्डवर डावा हात ठेवून चालायचं आणि उजव्या हातानं माऊस फिरवून बघायचं, खणायचं, लावायचं. डायलिसिससाठी ताईंच्या डाव्या हाताची शीर जोडलेली होती, त्या हाताला सारख्या मुंग्या यायच्या. सायलीनं तोड काढली. म्हणाली, “आई, तू चाल. आत्या बघेल.” तेव्हापासून त्या खेळात आम्ही दोघी मिळून एकच माणूस होतो. पाय माझे, डोळे आणि हात ताईंचे.

“अगो, मी डावीकडं बघतेय आणि तू सरळ कुठं निघालीस?”

“तुम्ही आधी सांगत जा ना ताई, कुठे जायचं ते!”

पहिल्या आठवड्यात आम्ही तीनदा दरीत पडलो आणि एकदा लाव्हात. पण दुपारी जेवणं आटपली की दोघी त्या टेबलाशी जाऊन बसायला लागलो, एवढं खरं.

मॉडचं प्रकरण भातावरून सुरू झालं. ताईंनी खेळातली सगळी पिकं लावून बघितली आणि एक दिवस माऊस ठेवूनच दिला. “गहू आहे, बटाटा आहे, बीटसुद्धा आहे. भात नाही. मग ही माणसं जेवतात काय गो? नुसता पाव?” सायलीनं फोनवर सांगितलं, की भात आहे, पण ते मॉडमध्ये. मॉड म्हणजे कंपनीनं केलेलं नव्हे, खेळणाऱ्या लोकांनीच हौसेनं बनवून सगळ्यांसाठी ठेवलेली भर. कुणी पिकं करून ठेवलीत, कुणी जनावरं, कुणी नुसते दरवाजे. आधी लोडर नावाचं एक काहीतरी घालायचं, मग हवी ती मॉडं उतरवून एका फोल्डरमध्ये टाकायची, की झालं. मला वाटलं, एवढंच ना. ताई डायलिसिसला गेल्या होत्या त्या दुपारी मी हौसेनं चौदा मॉडं उतरवली. भात, कढया, मांजरी, आंब्याची झाडं, जे दिसलं ते. ताईंना खूश करायचं होतं. खेळ उघडलाच नाही. काळी पाटी आणि त्यावर इंग्रजी ओळीच ओळी.

ताई आल्या, चप्पल काढली आणि हाताला पट्टी तशीच असताना खुर्चीत बसल्या. मला वाटलं, आता ऐकावं लागणार. पण त्या रागावल्या नाहीत, उलट इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर लॅबमधली बाई दिसली. “चौदा वस्तू एकदम घातल्यास, आता बिघडलं कशानं ते कळणार कसं? निम्मी काढ.” सात काढली. उघडेना. उरलेल्यातली आणखी तीन काढली. उघडला. मग एकेक परत घालत गेलो आणि संध्याकाळपर्यंत दोन चोर सापडले. एक मॉड खेळाच्या जुन्या आवृत्तीचं होतं आणि दुसऱ्याला चालायला आणखी एक तिसरंच मॉड सोबत लागत होतं, जे मी उतरवलंच नव्हतं. त्या दिवशी ताईंनी मला नियम घालून दिला. खेळ, लोडर आणि मॉड तिघांची आवृत्ती जुळते का ते आधी बघायचं, आणि एका वेळी एकच नवीन मॉड घालायचं. चालवायचं, बघायचं, मगच पुढचं. नव्यानं मॉडं घालू बघणाऱ्या कुणालाही मी याहून जास्त काही सांगू शकणार नाही.

लॅपटॉप दमायला लागला तेव्हा आम्ही उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये रॅम वाढवायला गेलो. दुकानदार सिंधी, मराठी-हिंदी सगळं एकत्र बोलणारा. “मॅडम, नातू गेम खेळतो काय? बोला त्याला, इतना मॉड नको टाकू, मशीन गरम होतंय.”

“नातू नाही, मी खेळते,” ताई म्हणाल्या. “आणि आठ जीबीवर भागणार नाही, सोळा टाका.”

त्यानं एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि स्वतःच्या बुडाखालचं स्टूल काढून त्यांना दिलं.

भात आलं. पण ते सरळ पाण्यात पेरायचं होतं, रोपांची लावणी नव्हती. चामटोलीच्या माणसाला हे कसं चालावं? मॉड बनवणारा कुठल्या देशातला, बाई की बुवा, काही माहीत नाही. ताईंनी त्याच्या पानावर ऑफिसातल्यासारखं इंग्रजी पत्र लिहिलं. आदरणीय महोदय, आपले भात उत्तम आहे, तथापि पुढील त्रुटीकडे लक्ष वेधू इच्छिते. आधी राब भाजायचा, मग रोपं, मग लावणी, मुद्देसूद. मी हसून हसून बेजार. दोन-अडीच महिन्यांनी त्यानं नवीन आवृत्ती काढली, तिच्यात लावणी होती आणि खाली लिहिलं होतं, भारतातल्या एका बाईंच्या सूचनेवरून. ताईंनी चष्मा लावून ते वाचलं. “रोपांमधलं अंतर जास्त ठेवलंय,” म्हणाल्या. “पण चालेल.” त्या दिवशी त्यांनी माझ्याकडून अर्धा कप चहा जास्त मागून घेतला आणि मी दिला.

आजार मात्र वाढतच होता. डॉक्टरांनी तीन गोळ्या एकदम बदलल्या तेव्हा ताई त्यांनाही म्हणाल्या, “आता उलट्या कशानं झाल्या ते तुम्ही ओळखणार कसं?” डॉक्टर हसले. त्यांना वाटलं, म्हातारी गंमत करतेय… शेवटच्या महिन्यांत दुपारी त्या पंधरा मिनिटंच बसू शकायच्या. मी चालत त्यांना खाचराशी न्यायचे, त्या एक-दोन ओळी लावायच्या आणि डोळे मिटायच्या. आयसीयूत नळी घालायच्या आधी मला म्हणाल्या, “भाताकडं बघ गो.” आसपासच्या नर्सना वाटलं, गावाकडची शेती असेल.

तेरावा झाला, पाहुणे पांगले. चौदाव्या दिवशी दुपारी मी लॅपटॉप उघडला. खेळानं विचारलं, नवीन आवृत्ती घेऊ का. मी हो म्हटलं. मग तो उघडेना, भाताचं मॉड जुळत नाही म्हणाला. मी ते काढलं. मग उघडला, पण आधी एक पाटी आली, अमुक अमुक वस्तू सापडत नाहीत, पुढे जायचं का. हॉस्पिटलात अकरा दिवस माझ्यापुढे कागद येत होते. इथे सही करा, इथे नातं लिहा, इथे परत सही. मी एकही वाचला नव्हता. त्याच हातानं मी इथेही हो दाबलं. समोर बांध होते, पाणी होतं, घर होतं. भात नव्हतं. एक काडी नव्हती. मॉड परत घातलं तरी आलं नाही, कारण खेळानं तोवर ते पुसून पक्कं केलं होतं. हॉस्पिटलात मी इतकी रडले नव्हते. सायलीला फोन लावला आणि एवढंच बोलू शकले, “सायले, आत्याचं भात गेलं गं. मी घालवलं.”

ती म्हणाली, “आई, आत्या कॉपी ठेवल्याशिवाय राहील का? फोल्डरमध्ये बघ.” मी बघितलं. एकाखाली एक ओळीनं, बॅच एक, बॅच दोन, बॅच तीन… कारखान्यात रंगाच्या प्रत्येक घाण्यातला थोडा नमुना बाटलीत काढून ठेवतात, तसा खेळ बंद करताना दर वेळी त्या आमच्या सगळ्या जगाचा नमुना काढून ठेवत होत्या. मला पत्ताच नव्हता. शेवटची होती बॅच एकशे बारा. तिच्यापुढे वेळ होती, मंगळवार, सकाळी नऊ बावीस.

तो मंगळवार मी विसरणार नाही. ताई घरातून निघाल्या तो शेवटचा दिवस. दहाचं डायलिसिस अंबरनाथला, रिक्षा नऊपासून खाली उभी, रिक्षावाला हॉर्न मारतोय, आणि ताई लॅपटॉपशी बसलेल्या. “दोन मिनिटं गो,” म्हणाल्या. मी रात्रभर जागलेली होते, पण तो बहाणा झाला. मी ओरडले. “पुरे झाला तो खेळ! तुमच्या एकटीसाठी सगळ्यांनी थांबायचं का?” त्यांनी आणखी काहीतरी दोन-तीनदा दाबलं आणि उठल्या. डायलिसिसवरूनच त्यांना वर आयसीयूत नेलं. त्या दोन मिनिटांत त्या काय करत होत्या, ते मला सायलीशी फोनवर बोलता बोलता कळलं.

सायली सांगेल तसं एकेक करत गेले. खेळाची जुनी आवृत्ती, लोडर, भाताचं मॉड, मग बॅच एकशे बारा. ती ‘उघड आता’ म्हणाली आणि तिनं आपणहून फोन ठेवला. खेळ जिथे सोडला तिथेच उघडतो. सगळी खाचरं हिरवी होती. आमचा माणूस एका खाचराच्या कडेला उभा होता, हातात रोपं, नजर खाली पाण्यावर. समोरची ओळ अर्ध्यापर्यंतच लावलेली. ती नजर ताईंची होती. माऊसला माझा नुसता धक्का लागला असता तरी ती हलली असती, म्हणून मी दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि तशीच बसून राहिले.

“सावकाश होऊ द्या, ताई,” मी म्हटलं. “रिक्षा थांबेल.”