विलासचा स्टीलचा पेला

विलास गेल्याचा फोन आला तेव्हा मी बारामतीच्या मार्केट यार्डात डाळिंबाचा लिलाव ऐकत उभा होतो. फोन त्याच्या चुलत्याचा, तात्यांचा. "गेला बघ. एवढं तांब्याच्या भांड्यातलं पाणी पाजलं, तरी गेला." तरी! या एका शब्दासाठी तात्यांचा जाहीर सत्कार व्हायला हवा... शाल माझ्याकडून.

कळंबला आम्ही एका बाकावर शिकलो. पंचविशीत विलासचे हात थरथरू लागले, डोळे पिवळे झाले. लिव्हर बिघडलं म्हणजे पितो, असा निकाल गावानं देऊन टाकला. निकाल देणाऱ्यांच्या तोंडाला वास येत होता; विलासनं जन्मात थेंब घेतला नव्हता. डॉक्टर म्हणाले, आजार आईबापांकडून आलेला. यकृत शरीरातलं तांबं बाहेर टाकत नाही, ते साचत जातं. गोळ्या जन्मभर, उपाशीपोटी. तांब्याची भांडी बंद. आणि धाकट्या बहिणीलाही तपासा.

बहीण सुमन कन्हेरीला दिलेली, दिसायला ठणठणीत. तिचे सासरे कडाडले, "आमच्या सुनेला रोग चिकटवतो व्हय रं?" विलास रोज त्यांच्या ओट्यावर जाऊन बसू लागला. "मामा, तिचं रक्त तपासल्याबिगर मी हितनं उठत न्हाय. च्या ठेवा." शेवटी चहाला कंटाळून त्यांनी सुमनला धाडलं. तिच्यातही तेच निघालं. गोळ्या वेळेत सुरू झाल्या, बाई वाचली.

विलासही सुधारला. हातांची थरथर थांबली, डाळिंबाची बाग फुलली. हे तात्यांना बघवेना. "आता बरा हाईस की! गोळ्या गरम पडत्यात. रातभर तांब्यात ठेवल्यालं पाणी पी, लिव्हर धुऊन निघंल." आणि बहिणीसाठी ठिय्या देणारा हा माझा शहाणा मित्र, गोळ्यांना विटलेला... तात्यांचं ऐकून बसला! कुणाला न सांगता गोळ्या सोडल्या. यकृतानं काही महिन्यांत हात टेकले.

दहाव्याला तात्या तोच चकचकीत तांब्या घेऊन सुमनपुढं आले. "पोरी, तू तरी नेमानं पी." काय हा आत्मविश्वास! सुमननं तांब्या घेतला, अंगणातल्या जास्वंदीला सगळा ओतला आणि रिकामा त्यांच्या हाती दिला. मग मांडणीवरून विलासचं नाव कोरलेला स्टीलचा पेला काढला, पाणी भरलं, सगळ्यांसमोर गोळी गिळली.

पानं वाढून झाली होती. तात्या म्हणाले, "बस गं जेवायला."

"तासभर थांबावं लागतंय," सुमन म्हणाली. "दादानं शिकवलंय."

मग आम्हीही थांबलो... सगळी पंगत. तात्यांच्या पानातली आमटी निवत होती, आणि पेला सुमनच्या मांडीवर होता.