गल्लीच्या तोंडावरचा चोथा

शूयिनच्या पोटाचं ऑपरेशन झालं आणि सगळं घर एकाच गोष्टीची वाट बघत बसलं: हिचा वारा कधी सरतो! तो सरल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही, असा डॉक्टरांचा हुकूम. नवरा, तोंगशेंग, सारखा विचारी, "झालं का गं?" ती वैतागून म्हणे, "झालं की दवंडी पिटते. आता गप बसा."

शेवटी कामाला आली ती लानफन, तिची लहानपणापासूनची मैत्रीण आणि गावातली जुनी वैद्य. तिनं जाडं मीठ आणि मुळ्याचं बी भाजून पुरचुंडी केली, टाके सांभाळून पोट शेकलं, गुडघ्याखाली सुया टोचल्या. संध्याकाळी असा काही आवाज झाला, की शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीनं टाळ्या वाजवल्या. लानफन तर व्हरांड्यात जाऊन ओरडली, "सुटली गं बाई, सुटली!" शूयिन लाजेनं पांघरुणात शिरली आणि आतल्या आत हसत राहिली. त्या रात्री तिला पातळ पेज मिळाली.

आतड्याला पीळ पडला होता, तेवढा तुकडा काढला, असं तिला सांगितलं होतं. सांगणारी लानफनच, म्हणून तिनं दुसऱ्यांदा विचारलंही नाही. कशाला विचारील? शूयिनची आई गेली, तेव्हा घरादारानं तिच्यापासून तिचा आजार लपवला होता. बिचारी शेवटपर्यंत, बरी झाले की लेकीकडे राहायला जाईन, म्हणून गाठोडं बांधत होती. तेव्हा शूयिन आणि लानफन या दोघींनी हातावर हात मारला होता: आपल्यापैकी कुणावर ही पाळी आली, तर दुसरीनं तोंडावर सांगायचं.

घरी आल्यावर काढा सुरू झाला. लानफन पुड्या बांधून देई, तोंगशेंग उकळी आणि चोथा गल्लीच्या तोंडाशी ओतून येई. येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायांनी दुखणं दूर जातं, अशी तिथली रीत. शूयिनला मात्र उंबरा ओलांडायला बंदी होती, अंगाला वारं लागेल म्हणून.

पण गल्लीचंच काहीतरी बिनसलं होतं. गटारावरून हिच्याशी कचाकचा भांडणारी समोरची श्यूबाई अंडी घेऊन आली, "जप हो ताई" म्हणाली आणि डोळे पुसत गेली. त्यापेक्षा मेलीनं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं!

एकदा तोंगशेंग बाजारात गेला, तशी ती भिंत धरधरून गल्लीच्या तोंडाशी गेली. त्यांचं बोचौ म्हणजे चीनमधलं औषधी मुळ्यापाल्याचं गाव, तिचा स्वतःचा जन्म मुळ्या कापण्यात गेलेला. ती चोथ्यावर वाकली. संत्र्याची साल, ठीक. मुळ्याचं बी, ठीक. आणि त्यात मूठमूठभर सापजिभी गवत! ते कुणाच्या काढ्यात पडतं, हे तिथं पोरंटोरंही सांगतील. गाठ झालेल्यांच्या. कॅन्सरवाल्यांच्या.

तोंगशेंग आयुष्यभर बस चालवणारा, त्याला सगळा पाला सारखाच. त्यानं रिपोर्ट दडवला, पाहुण्यारावळ्यांची तोंडं बंद केली आणि रीत म्हणून सगळं नेऊन रस्त्यावर ओतलं. अख्ख्या गल्लीनं ते वाचलं होतं.

दुपारी लानफन आली आणि तिनं सुया टोचल्या.

"लानफन, मला काय झालंय?"

"पीळ गं. सांगितलं ना?"

"चोथा बघून आलेय मी."

लानफनचा हात थांबला. "ते... ते पुढं काही होऊ नये म्हणून घालतात."

"माझ्याकडे बघून बोल."

लानफन सुयांकडेच बघत राहिली. "तोंगशेंग पाया पडला माझ्या. म्हणाला, तिला कळलं तर ती हाय खाऊन मरेल."

"माझा वारा सरला ते सगळ्या हॉस्पिटलला ओरडून सांगितलंस आणि माझ्या पोटातली गाठ माझ्यापासून लपवलीस? त्यांचं सोड, ते पहिल्यापासूनच भित्रे. पण तू हातावर हात मारला होतास गं!" शूयिनचा आवाज फाटला. "किती पसरलंय?"

"कुठं काही पसरलेलं नाही. तू खडखडीत बरी होशील."

हे तरी खरं की हेही खोटंच? आता हिनं काहीही सांगितलं तरी त्यावर विश्वास बसणार नाही, हे शूयिनला कळलं आणि त्याचंच तिला रडू आलं.

"सुया काढ," ती म्हणाली, "आणि ऊठ."

दुसऱ्या दिवशी घरात कुणी नाही असं बघून तिनं ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना फोन लावला. पेशंटनं विचारलं तर डॉक्टर गोड बोलून वाटेला लावतात, हे तिनं आईच्या वेळी पाहिलं होतं. म्हणून तिनं आवाज जरा जाड केला.

"मी शूयिनची थोरली बहीण बोलतेय, गावाहून. कसं आहे तिचं?"

डॉक्टर लगेच मोकळेपणानं बोलू लागले. आतड्यातली गाठ काढली, पण यकृतात गेलंय. फार काळ नाही. आवडीचं खाऊ घाला, हवं-नको बघा. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं.

"आणि हे बघा ताई," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, "यातलं एक अक्षर तिच्या कानावर जाऊ देऊ नका."

"छे हो," शूयिन म्हणाली, "तिला कोण सांगतंय!"