जावयाच्या हातातोंडाची गाठ

आधी हातातला चहा संपवा, मग ऐका. ही गोष्ट ऐकताना एकाच्या नाकातून चहा आला होता, आणि माझ्या गाढवपणापायी दुसऱ्या कुणाचं नाक भाजावं अशी माझी इच्छा नाही. गाढवपणा मात्र अस्सल आहे. नांदेडात केला आणि लातुरात, भर पंगतीत, उघडा पडला.

माझं नांदेडला झेरॉक्सचं दुकान आहे. दिवसभर मी उचलतो काय? कागद. त्यामुळं दंडही कागदाच्या जातीचेच राहिले, आणि खरं सांगतो, मला त्याचं काही दुःख नव्हतं. पण दिवाळीत सासुरवाडीला, लातूरला, माझे साडू शिवराजराव भेटले. हे उदगीरचे. खताचं दुकान, तरुणपणी तालमीत घुमलेले. त्यांनी सगळ्यांसमोर माझा दंड अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरला, नीट मापला आणि म्हणाले, "साडूभाऊ, एवढ्यावर संसार करून राहिले तुम्ही?"

सगळे हसले. सासूबाईही हसल्या. हसण्यासारखं होतं, हे मलाही मान्य आहे. पण म्हणून काय हसायचं?

त्यातच अधिक महिना येणार होता. आमच्याकडं त्याला धोंड्याचा महिना म्हणतात. जावई म्हणजे साक्षात विष्णू, म्हणून त्याला घरी बोलवायचं, पाटावर बसवायचं आणि पुरण भरलेले धोंडे तुपाच्या धारेखाली जेवू घालायचे. आता विष्णूला नांदेडात झेरॉक्सचं दुकान टाकायची काय गरज होती, हे विचारू नका. मुद्दा असा की दोन्ही जावई एकाच दिवशी एकाच पंगतीला बसणार होते. मी काय केलं? शिवराजरावांना फोन लावला आणि सांगितलं, धोंडे झाले की पंजा लढवू. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं, घाबरले. नंतर कळलं, ते फोन हातानं झाकून हसत होते.

झालं, लावली जिम. आमच्या गल्लीच्या तोंडालाच आहे, वरच्या मजल्यावर. शिकवणारे वाजिदभाई. माणूस प्रेमळ, पण तिथं गाणी अशी वाजतात की खालच्या किराणा दुकानातल्या बरण्या थरथरतात. त्यांनी मला दोरी खाली ओढायचं यंत्र दाखवलं. दंडाची मागची बाजू भरते म्हणाले. वजन हलकं लावून दिलं आणि दुसऱ्या कोपऱ्यात कुणाला तरी सांभाळायला गेले. त्यांची पाठ फिरल्याबरोबर मी वजन वाढवलं. हलकं उचलायला मी काय झेरॉक्सच्या दुकानात होतो?

दोरी ओढली. हात सरळ झाले आणि कोपरातून टक्कन आवाज आला. वाजिदभाई लांबून ओरडले. गाण्याच्या दणक्यात मला ऐकू आलं ते असं, "भाई, कोहनी लॉक मस्त करो!"

मस्त करो म्हणल्यावर मी काय कमी करणार? पुढच्या खेपेला कोपर असं लॉक केलं की दाराला कडी घातल्यासारखं वाजलं. ते आणखी जोरात ओरडले. मी मान हलवून अंगठा दाखवला आणि आणखी जोरात लॉक केलं. ते दोन्ही हात हलवायला लागले. मला वाटलं, माणूस माझ्यावर फिदा झालाय. इतकं कौतुक मला शाळेतही मिळालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दोन्ही कोपरं सुजली. हात अर्धा वळायचा आणि तिथंच अडायचा. वाजिदभाईंकडं गेलो तर त्यांनी कपाळाला हात लावला. ते काल "मत करो, मत करो" म्हणून घसा फोडत होते, आणि मी 'मस्त करो' ऐकून कोपराचा भुगा करत होतो. मग त्यांनी शांतपणे समजावलं की वजन हलकंच घ्यायचं, कोपरं फासळ्यांजवळ ठेवायची, हात पूर्ण ताठ व्हायच्या थोडं आधीच थांबायचं आणि झटका कधीच द्यायचा नाही. दुखायला लागलं की सोडून द्यायचं. आता दुखणं जाईपर्यंत इकडं फिरकू नका म्हणाले. एवढं सगळं किती सोपं होतं! फक्त कान धड असायला हवे होते.

आणि लातूरला जायचं होतं परवा.

बायकोला सांगितलं नाही. ह्या वयात जिम कशाला, असं ती आधीच म्हणाली होती. शिवाय तिच्या डोक्यात वेगळीच काळजी होती. ती का, ते सांगतो. मागच्या धोंड्याला शिवराजराव ताटावर रुसले होते. जावयानं पहिला घास घेतल्याशिवाय पंगत हलत नाही, हे तर तुम्हाला ठाऊकच आहे. तर हे गृहस्थ घासच घेईनात. शेवटी सासऱ्यांनी मोटारसायकल कबूल केली तेव्हा ह्यांचं तोंड उघडलं. सासरे साधे भुसार दुकानदार. ती मोटारसायकल त्यांना फार जड गेली. सुनंदा, म्हणजे माझी बायको, तेव्हापासून माहेरात ताठ मानेनं सांगायची की माझा नवरा तसा नाही. यष्टीत बसल्यावरही तिनं मला तेवढंच सांगितलं, "आण्णाला घाम फुटंल असं काई करू नका."

मी कशाला करतोय? उलट पोहोचल्या पोहोचल्या मी बैठकीत एक छोटं भाषणच ठोकलं. जावयानं रुसणं म्हणजे इस्त्रीचे कपडे घालून भीक मागणं, असं माझं वाक्य होतं. शिवराजरावांकडं बघूनच म्हणालो. सासऱ्यांचे डोळे पाणावले. मला स्वतःचा इतका अभिमान वाटला की कोपर दुखायचं थांबल्यासारखं झालं.

पाट मांडले. ताटात धोंडा आला, तुपाची धार पडली. पुरुष मंडळी हात आवरून माझ्याकडं बघत बसली, कारण ह्या खेपेला पहिला मान माझा होता. मी धोंडा मोडला. घास हातात घेतला. हात वर निघाला, सदऱ्याच्या दुसऱ्या गुंडीपर्यंत आला आणि थांबला.

पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा दुसरी गुंडी. डावा हात लावायची सोय नाही, आणि तोही तसाच होता. मग विचार केला, हात तोंडाकडं येत नसेल तर तोंड हाताकडं नेऊ. वाकलो. मध्ये पोट आलं. आता मला सांगा, मान खाली घातलेला, हातात घास धरून ताटाकडं टक लावून बसलेला आणि न खाणारा जावई कसा दिसतो?

सासऱ्यांना तो कसा दिसतो हे चांगलंच माहीत होतं. ते जवळ सरकले. "पाव्हणं, काई चुकलं का आमचं?"

"छे हो मामा. काही न्हाई."

आता बघा, रुसलेला जावईसुद्धा हेच म्हणतो! अगदी शब्दाला शब्द. सासऱ्यांनी सासूबाईंना खूण केली. त्या आतून चांदीची वाटी घेऊन आल्या. मी म्हणालो, मला काही नको. हेही रुसलेला जावईच म्हणतो. मग अंगठीची डबी आली. मी जोरजोरात मान हलवली. सासऱ्यांनी उपरण्यानं कपाळ पुसलं. तेवढ्यात शिवराजराव, रुसण्याच्या शास्त्रातला जाणता माणूस, हळूच म्हणाले, "मामा, हे अंगठीवर भागायचं न्हाई. काम मोठं दिसून राहिलंय."

धोंडे गार व्हायला लागले. पंगतीतली म्हातारी माणसं आवंढे गिळत होती. एकजण तर मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाला, आत्ताच भाषण ठोकलं व्हतं की ह्यांनी. दारातून बायका डोकावत होत्या. माझ्या लक्षात आलं की आता खरं सांगितल्याशिवाय सुटका नाही. शिवराजराव हसतील तर हसू देत. मी सासऱ्यांच्या कानाशी लागलो आणि म्हणालो, "मामा, खरं सांगू का? कोपर दुखून राहिलंय."

ते अगदी बारीक आवाजात म्हणाले, "मागं शिवराजरावांची पाठ दुखत व्हती. यष्टीत बसवत न्हाई म्हणले. मोटारसायकल घेतली तवा थांबली." थोडा विचार केला आणि त्यांचा चेहरा उतरला. "पण कोपर दुखतंय म्हणल्यावर तुमाला हँडल काई धरता यायचं न्हाई. म्हंजी चारचाकीच पायजे."

शेजारच्या पाटावरच्या शिवराजरावांनी हे ऐकलं आणि ते माझ्याकडं वळले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत माझ्याबद्दल आदर होता. "कोपर," ते स्वतःशीच म्हणाले. "मला सुचलंच न्हाई."

तुम्ही हसताय, पण तेव्हा मला हसू आलं नाही. सासऱ्यांनी माझ्यासमोर हात जोडले होते. "एवढं माझ्यानं व्हणार न्हाई, पाव्हणं," ते म्हणाले. सत्तरीचा माणूस माझ्यासमोर हात जोडतो आणि ते हात धरायला मला माझे हात तेवढे वर नेता येत नाहीत! लाजेनं जीव नकोसा झाला. आणि वर बघतो तर दारात सुनंदा, हातात तुपाचं भांडं. तिचं तोंड असं झालं होतं की मला चारचाकीखाली जावंसं वाटलं.

ती आली, भांडं खाली ठेवलं आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"हात वर करा."

केला. दुसरी गुंडी.

"सकाळपासून बघून राहिले मी. डोक्याला कंगवा न्हाई, यष्टीत पिशवी उचलली न्हाई. कशानं झालं?"

मी सांगितलं. दोरी, लॉक, मस्त, मत, सगळं. पंजा लढवायचा बेतसुद्धा. सांगताना आवाज इतका बारीक झाला होता की मागच्या ओळीतल्यांनी पुन्हा सांगा म्हणून आग्रह केला. पुन्हा सांगितलं.

"आण्णा," सुनंदा वडिलांना म्हणाली, "ह्यांला चारचाकी नको का काई नको. ह्यांच्यानं चमचा उचलंना."

मग ती माझ्या पाटाशेजारी बसली, धोंड्याचा तुकडा तुपात बुडवला आणि माझ्या तोंडासमोर धरला. "आ करा," म्हणाली. केला. सगळ्या सासुरवाडीच्या साक्षीनं मी बायकोच्या हातून जेवलो. पंगत एकदाची हलली. शिवराजराव हसता हसता एवढे ठसकले की त्यांना पाणी द्यावं लागलं. सासरे मात्र हसले नाहीत. चारचाकी वाचल्याच्या आनंदात त्यांनी स्वतःच्या हातानं मला दुसरा धोंडा भरवला, नको नको म्हणत असताना तिसराही.

कोपर पुढं बरं झालं. वाजिदभाईंकडं पुन्हा जायला लागलो. आता वजन हलकं घेतो आणि ते काही बोलले की आधी गाणं बंद करायला लावतो. पण मधे कामानं लातूरला गेलो होतो, तेव्हा सासऱ्यांच्या भुसार दुकानात जरा टेकलो. आजूबाजूचे दुकानदार जमले होते. सासऱ्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि मोठ्या कौतुकानं ओळख करून दिली.

"हे आमचे धाकटे जावई. लई गुणाचे. एक पैसा मागत न्हाईत. फकस्त भरवावं लागतंय."