टेक्सासातला बघण्याचा कार्यक्रम

आमची मुलगी सोरोरिटीत जाणार म्हणाली, तेव्हा आधी मला तो एखादा विषयच वाटला. २००४ सालची गोष्ट. आम्ही तेव्हा शुगर लँडला राहत होतो, हे एका तेल कंपनीत इंजिनिअर होते, आणि मुलगी शाळा संपवून तीन तासांवरच्या एका मोठ्या सरकारी कॉलेजात निघाली होती. जेवताना तिनं समजावून सांगितलं. सोरोरिटी म्हणजे कॉलेजातल्या मुलींचा संघ. प्रत्येक संघाचं स्वतःचं भलंमोठं घर, नाव ग्रीक अक्षरांचं, आणि एकदा आत घेतलं की सगळ्या जन्मभराच्या बहिणी. मी म्हटलं, तुला एक सख्खी बहीण दिली असती तर एवढा खटाटोप वाचला असता.

मग तिनं फायदे सांगायला सुरुवात केली. सीनियर मुली अभ्यासाला बसवतात, मार्क घसरले की मागे लागतात. नोकरीच्या वेळी ओळखी उपयोगी पडतात. आजारी पडलं तर कोणीतरी सूप आणून देतं. समाजसेवा असते. मी म्हटलं, हे सगळं तर आपलं महाराष्ट्र मंडळही देतं, वर संक्रांतीला तिळगूळ. ती हसली नाही. ताटातली भाजी चिवडत बसली आणि शेवटी खरं काय ते बाहेर पडलं. "आई, इतक्या मोठ्या कॉलेजमध्ये मी एकटी पडेन. मला भीती वाटते." तिची शाळेतली एकुलती एक जिवाभावाची मैत्रीण दुसऱ्या राज्यात निघाली होती, आणि ही पहिल्यापासून बुजरी. मी म्हटलं, घाल नाव.

नाव घातलं की काम झालं, असं मला वाटलं होतं. कसलं काय! कॉलेज सुरू व्हायच्या आधी एक आठवडा 'रश' असतो म्हणे. मुलींनी नटूनथटून एकेका घरी जायचं, हसून बोलायचं, आणि घरातल्या मुली ठरवणार, ही आवडली की नाही. आवडली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावणार, नाहीतर नाही. नकाराचं कारण सांगायची पद्धत नाही. अहो, हे तर आपले बघण्याचे कार्यक्रम! फक्त पोहे नाहीत.

ते सगळं माझं भोगून झालं होतं. वडील नव्हते, म्हणून काकांनी स्थळं आणायची, मी साडी नेसून ट्रे घेऊन बाहेर यायचं. कोणी चालून दाखव म्हणे, कोणी दोन ओळी लिहून दाखव म्हणे. एका बाईनं माझा हात हातात घेऊन स्वतःच्या मुलाच्या हाताशेजारी धरून रंग ताडून बघितला, कापडाच्या दुकानात धरतात तसा. आठवडाभरानं निरोप यायचा, पत्रिका जुळत नाही. पत्रिका कसली डोंबलाची! मी सावळी, एवढंच. मुलगी झाली तेव्हाच मी ठरवलं होतं, हिला कोणापुढे अशी बसवणार नाही. आणि ती बया स्वतःच्या पायांनी निघाली होती, तीही टेक्सासच्या ऑगस्टमध्ये.

मला राहवेना. यांना ऑफिस होतं, म्हणून मी एकटीच तिला घेऊन गेले आणि कॉलेजजवळच्या मोटेलमध्ये मुक्काम ठोकला. पहिल्या सकाळी गाडी लांब उभी करून मी फुटपाथवरून बघत राहिले. घरासमोर मुलींची रांग. ऊन असं की रस्ता भाजत होता, आणि ह्या उंच टाचांवर, गालांवरची रंगरंगोटी घामानं ओघळतेय. तेवढ्यात दार उघडलं आणि आतल्या पन्नासेक मुली एकावर एक रचल्यासारख्या दारात दिसल्या, टाळ्या पिटत, एका सुरात किंचाळत गात. मी जागच्या जागी उडालेच. आमच्या वेळी निदान शांतता तरी होती. रांगेत आमच्या मुलीसारख्या रंगाच्या मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि ती आत गेली तरी मी फुटपाथवरून हलले नाही.

पुढे रोज सकाळी तिला सांगायचे, कुठल्या घरांनी परत बोलावलंय. रोज नावं गळत गेली. संध्याकाळी ती माझ्याकडे यायची, मी विजेच्या कुकरमध्ये वरणभात लावलेला असायचा. तिसऱ्या दिवशी ती जेवलीच नाही. ज्या घरात तिला खूप छान वाटलं होतं, तिथल्या मुलीनं निघताना मिठी मारली होती, त्याच घरानं तिचं नाव यादीतून काढलं होतं. ती बाथरूममध्ये नळ सोडून रडली. मोटेलच्या पातळ भिंती त्या, मला सगळं ऐकू येत होतं.

माझं डोकंच फिरलं. मी तिची बॅग भरायला घेतली. म्हटलं, बास झालं. कोण लागून गेल्या ह्या, तुला नापसंत करणाऱ्या? चल घरी, जवळच्या कॉलेजात जा, रोज मी सोडीन. ती डोळे पुसत बाहेर आली, माझ्या हातातून कुर्ता काढून घेतला आणि म्हणाली, "आई, त्या मला बघतात तसं मीही त्यांना बघतेय. मीही रोज मार्क देते. इट्स म्युच्युअल."

मला वाटलं, मनाची समजूत घालतेय. पण नाही, तशी रीतच होती. मुलीही रोज आपली पसंती कळवायच्या, आणि दोन्हीकडचं जुळलं तरच पुढचं. मी तिचे कपडे बॅगेतून परत बाहेर काढले.

शेवटच्या दिवशी तिच्या वाट्याला दोन घरं उरली. एक पांढऱ्या खांबांचं, बड्या घरच्या मुलींचं. दुसरं गल्लीच्या टोकाला, बैठं, रंग उडालेलं. मी अर्थातच खांबांच्या बाजूनं. एवढं मोठं स्थळ चालून आलंय, म्हटलं, नशीब काढलंस. पण त्या घरात तिला दोनदा विचारलं होतं, तू कुठली, म्हणजे खरी कुठली? बैठ्या घरातल्या एका सीनियर मुलीनं मात्र तिचा लंगडता पाय बघून तिला सँडल काढायला लावले, फोडांना पट्टी लावली आणि जमिनीवर शेजारी बसून केमिस्ट्रीच्या गप्पा मारल्या. शेवटी घरांचा क्रम लावून द्यायचा असतो. दोन्ही लिहिली तर कुठेतरी नक्की लागणार, एकच लिहिलं तर कदाचित कुठेच नाही. आमच्या ह्या बुजऱ्या मुलीनं एकच लिहिलं, बैठं घर. खांबवाल्यांचं नावच खोडलं.

मी हबकले. तिला रागावलेसुद्धा, आणि रागावता रागावता माझ्या लक्षात आलं की मला राग नव्हता, भीती होती. हाती आलेल्या स्थळाला नाही म्हणता येतं, हे मी जन्मात पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी हे सामान घेऊन आले. कॉलेजच्या मैदानात सगळ्या मुलींनी एकदम निकालाची पाकिटं उघडली, आणि एकच कल्लोळ. आमची तेवढी वाचून नुसती उभी राहिली. मग तिनं वर बघितलं, आम्हाला शोधलं, आणि फोड आलेल्या पायांनी गल्लीच्या टोकाकडे पळत सुटली. बैठ्या घरातल्या मुली अर्ध्या वाटेवर येऊन थांबल्या होत्या. तिला कोणी मिठी मारली ते दिसेना, इतक्या जणी. हे चष्मा काढून पुसत बसले.

माझी गाडी मुलीजवळ ठेवली. परतताना यांच्या गाडीत हे बराच वेळ त्याच गोष्टीवर होते. कमाल आहे पोरीची, म्हणाले, समोरून होकार येत असताना नको म्हणाली. मग सहज विचारलं, "तू एवढा विचार केला होतास का गं, आपल्या वेळी?"

मी म्हटलं, "मला कोणी विचारलंच नव्हतं."

ते हसले. थट्टा वाटली त्यांना. मी सांगितलं, थट्टा नाही. मी स्वयंपाकघरात होते. काका आत आले, माझ्या हातावर पेढा ठेवला, म्हणाले, मुलाकडून होकार आला. आई रडायला लागली, आणि झालं.

त्यांनी गाडीचा वेग कमी केला. पुढच्या पेट्रोल पंपावर वळवली आणि एका कडेला उभी केली. इंजिन चालूच होतं.

"मी निरोप धाडला होता," ते म्हणाले. "आधी मुलीला विचारा, तिचा होकार असेल तरच मला कळवा. तुझ्या काकांनी स्वतः येऊन सांगितलं, मुलगी राजी आहे, फार खूश आहे."

बावीस वर्षं संसार झाला होता आमचा. बावीस वर्षं मी मनातल्या मनात यांना त्या दिवसाबद्दल बोल लावत आले होते, आणि हे बिचारे माझ्या होकारावर भरवसा ठेवून होते, जो मी कधी दिलाच नव्हता. काका जाऊनही दहा वर्षं झाली होती. भांडायचं तरी कोणाशी?

"विचारलं असतं, तर काय म्हणाली असतीस?" त्यांनी माझ्याकडे न बघताच विचारलं.

खोटं बोलायचं नव्हतं. "एक वर्ष थांबा म्हणाले असते. माझं बी.एड. अर्ध्यावर होतं."

त्यांनी इंजिन बंद केलं. मग म्हणाले, "मी थांबलो असतो."