इंदूबाईचं नाक अन् फ्रेंच टोस

किस्से कोणी मुद्दाम जमवत नसतं. ओट्याखाली कॅरीबॅगा जमतात ना, तसे ते आपोआप जमतात, आणि एक दिवस दार उघडलं की सगळे अंगावर! मनीषनगरच्या एकाच बिल्डिंगमध्ये आम्ही तिघी स्वयंपाकाची कामं करतो. तिसऱ्या माळ्यावर मी, सुशीला. दुसऱ्यावर मंगला. आणि चौथ्यावर इंदूबाई, वयानं आम्हा दोघींपेक्षा मोठी, आणि हातानं तर विचारूच नका. अकरा वाजता जिन्याखाली आमचा चहा होतो. माझं शिक्षण चौथीपर्यंत, पण तिघींत वाचता-लिहिता येणारी मीच. म्हणून हे लिहायचं कामही माझ्याच गळ्यात.

*

आधी इंदूबाईच्या नाकाबद्दल सांगते, कारण पुढचं सगळं त्या नाकावरच आहे.

ही बाई स्वयंपाक करताना कधी चाखत नाही. दुसऱ्याच्या घरचं अन्न आपण उष्टं करायचं नाही, हा तिचा नियम. मीठ कमी की जास्त, ते ती वाफेवरून सांगते. मला आधी थाप वाटायची.

एकदा मी तिसऱ्या माळ्यावर वरण फोडणीला टाकलं होतं. ही जिन्यानं वर जात होती. दार बंद, मी आत. बाहेरून आवाज आला, "सुशे, हिंग दोनदा पडला वं!"

दोनदाच पडला होता. फोनवर बोलत होते ना मी!

*

चौथ्या माळ्यावरच्या मॅडमची मुलगी मिहू, नऊ वर्षांची. सकाळी काही म्हणून खायची नाही. पोहे नको, उपमा नको, पराठा तर समोरही नको. मग एका मैत्रिणीकडे फ्रेंच टोस्ट खाऊन आली आणि रोज तेच पाहिजे म्हणून बसली. मॅडम सकाळपासून लॅपटॉपवर मीटिंगमध्ये. त्यांनी चिठ्ठी लिहून ओट्यावर ठेवली. इंदूबाई चिठ्ठी घेऊन माझ्याकडे उतरली.

मी वाचली. "ब्रेड चार. अंडी दोन. दूध अर्धा कप. दाल चिनी एक चमचा." 'दाल' ओळीच्या शेवटी, 'चिनी' खालच्या ओळीत.

नागपुरात राहून हिंदी कोणाला येत नाही? दाल म्हणजे डाळ, चिनी म्हणजे साखर. मी छातीठोक सांगितलं.

"गोडात डाळ?" इंदूबाईनं विचारलं.

"फ्रेंच लोक टाकत असतीन. आपल्याले काय करायचं!"

तिनं चणाडाळ खरपूस भाजली, मिक्सरमधून काढली आणि अंड्या-दुधात घातली. मिहूनं तीन टोस्ट खाल्ले. चौथा मॅडमनं उभ्या उभ्या संपवला. "इंदूताई, इतका कुरकुरीत कसा झाला हो? पण दालचिनी राहिली वाटतं."

"राहिली नाही मॅडम," इंदूबाई म्हणाली, "दोन्ही टाकल्या!"

मॅडम हसून हसून खाली बसल्या. मग त्यांनी डबीतून दालचिनीची काडी काढून दाखवली. त्यावर इंदूबाईची आरोळी तिसऱ्या माळ्यापर्यंत आली, "सुशे! कलमी हाय वं हे! सरळ कलमी!"

आता आमच्याकडे दालचिनीला कलमीच म्हणतात आणि ती मटणाच्या मसाल्यात जाते. ती टोस्टात जाईल हे मला काय स्वप्न पडणार होतं? पण एक सांगते. त्या घरी आजही टोस्टात कलमी पडते आणि चमचाभर डाळही पडते. मॅडमनंच सांगितलं, डाळ बंद करू नका.

*

हे ऐकून मंगलालाही हुरूप आला. आता आमच्याकडे टोस म्हणजे बेकरीतला, चहात बुडवायचा, कडक. तिनं तोच आणला आणि दुधात भिजवायला ठेवला. दुसऱ्या दिवशी तोंड पाडून आली.

"काय झालं वं?"

"गंजभर दूध पिऊन गेला बाप्पा, तरी आतून टणकच्या टणक! अगदी माह्या भासऱ्यावाणी!"

भासरा म्हणजे तिचा मोठा दीर. तो काटोलहून आला की चार दिवस राहतो, सगळं खातो आणि एका शब्दानं चांगलं म्हणत नाही. तेव्हापासून आम्ही त्या माणसाला टोसभाऊच म्हणतो.

*

मी घरी केला तो रविवारी. आमचे हे शाळेची व्हॅन चालवतात, त्यांना एकच दिवस उशिरापर्यंत झोपायला मिळतं. कलमीचा वास गेला आणि माणूस हाक न मारता उठला! आंघोळ केली. चटई टाकली. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा स्वतःच्या हातानं कांदा चिरला, लिंबू कापलं, आणि मांडी घालून बसले.

मी समोर ताट ठेवलं. त्यात दोन टोस्ट, वरून साखर, बाजूला संत्र्याच्या फोडी.

त्यांनी ताटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, स्वयंपाकघराकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "रस्सा मागून येऊन राहिला का?"

इंदूबाईला सांगितलं, तर ती म्हणाली, "कांद्याची पचडी करून टाक. माणसाच्या हातचा कांदा हाय तो, वाया नोको घालू!"

*

यंदा राखीच्या सुमारास इंदूबाईला ताप आला. दहा दिवसांनी कामावर आली, पण गप्प होती. त्या सकाळी मिहूनं टोस्टाचा एक घास घेतला आणि म्हणाली, "इंदू आजी, आज टोस्टला पाणीपुरीचा वास येतोय!"

कलमीची पूड समजून हिनं जिऱ्याची पूड भुरभुरवली होती. रंग सारखा, डब्या सारख्या. मॅडम हसल्या, मिहू हसली. इंदूबाई हसली नाही.

अकरा वाजता चहाचा कप नाकाशी धरून बसली. "सुशे, ह्याच्यात अद्रक टाकली का तू?"

अद्रक इतकी होती की मंगलाच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

"मले काहीच येऊन नाही राहिलं वं," ती म्हणाली. "ताप गेला, जाता जाता नाक घेऊन गेला."

जी बाई चाखत नाही, अंड्याचं तर तोंडालाही लावत नाही, तिचं नाक गेलं म्हणजे काय गेलं, ते आम्हाला समजावून सांगायची गरज नव्हती. चौदा वर्षांचं घर होतं. मिहूला पहिला वरणभात हिच्याच हातचा.

मी गोड बोलणारी नाही. मी स्पष्ट विचारलं, "अन् गॅस सुटला तर? तुले तर समजणार नाही. घरात लेकरू हाय!"

मंगला म्हणाली, किती कडक बोलतेस. बोलते. कोणीतरी बोलायला पाहिजे होतं.

*

दुसऱ्या दिवशी इंदूबाईनं मॅडमना स्वतः जाऊन सांगितलं. मी म्हटलं होतं, थांब जरा. थांबली नाही. "ज्या घरात शिजवते त्या घराले फसवू का?"

पण सांगायची तिची पद्धत अशी, "मॅडम, माझं नाक बंद पडलं."

"अहो मग वाफ घ्या ना!" म्हणून मॅडमनं टॉवेल आणि गरम पाण्याचं भांडं पुढे ठेवलं. ही बिचारी दहा मिनिटं वाफेखाली बसली. मोठ्या माणसानं दिलं, नाही कसं म्हणायचं! मग टॉवेल काढून, घामाघूम तोंडानं म्हणाली, "मॅडम, आता सांगू का? सर्दी नाही. वास येणंच संपलं."

मॅडम वाईट बाई नाही. पण घाबरल्या. म्हणाल्या, दिवाळीपर्यंत पाहू. तोवर ओट्यापाशी एकट्या राहायचं नाही. नाहीच सुधारलं, तर दुसरी बाई पाहावी लागेल. मला राग आला. पण खोटं कशाला बोलू? माझी मिहू असती, तर मीही तेच म्हटलं असतं.

मग रोज सकाळी माझं काम उरकून मी अर्धा तास वर जायला लागले. गॅसवर लक्ष ठेवायला माझं नाक, बाकी सगळी इंदूबाई.

*

आणि काय बाई आहे हो ती! माहेर उमरेडचं, घरी हातमाग. लहानपणी तुटलेले धागे जोडत बसायची. तिनं डब्यांना धागे बांधले. कलमीला लाल, एक गाठ. जिऱ्याला पांढरा, दोन गाठी. धण्याला हिरवा, तीन. डोळे मिटूनही चुकायची नाही.

टोस्ट तर कानानं भाजायला शिकली. मला म्हणायची, "गप बस, त्याले बोलू दे." तव्यावर टाकला की आधी मोठ्यानं चरचरतो. मग आवाज बारीक होतो. एकदम बारीक झाला की पलटायचा. सराटा, म्हणजे उलथनं, हातात घेऊन, तव्याकडे कान करून ती अशी उभी राहायची, जसा कोणी निरोप सांगून राहिला आहे. एकही टोस्ट कच्चा नाही, एकही करपलेला नाही. मिहूला तर फरक समजलाच नाही. धडधाकट नाकाची मी, माझे चारात एक तरी करपतात!

*

डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं, रोज दोन-तीन ओळखीचे वास घेत जा, आला तर येईल. म्हणून हिनं कलमीची एक काडी पदराच्या गाठीत ठेवली. लिफ्टमध्ये, जिन्यात, गेटवर, जिथं उभी राहील तिथं काडी नाकाशी.

नवीन वॉचमननं चार दिवस पाहिलं. पाचव्या दिवशी हळूच आला. "मावशी, इथं विडी ओढायले मनाई हाय."

"विडी नाही बाबू, नाकाचं औषध हाय."

"मग पेटवत काहून नाही?"

इंदूबाईनं काडी त्याच्या हातात दिली. "तूच पेटव. डोक्यात काही उजेड पडते का पाहू!"

हसायची, हसवायची. पण दोन महिने झाले, काडी झिजून गुळगुळीत झाली आणि नाक होतं तसंच. मी रोज विचारायचे, "काही?" ती मान हलवायची.

*

दिवाळीच्या आधीचा रविवार. मॅडमनं खाली मान घालून सांगितलं, उद्या एक बाई काम पाहायला येते आहे. इंदूबाई म्हणाली, "बरं मॅडम. तिले मिहूचं सांगा, दूध कोमटच लागते."

मग माझ्याकडे वळली. "सुशे, आज टोस तूच कर. मी मेथी निसते." आणि जुडी घेऊन पार मागच्या गॅलरीत जाऊन बसली. मध्ये हॉल, मध्ये काचेचं सरकतं दार.

तवा तापवला. लोणी टाकलं. रागात होते, लाल धाग्याच्या डबीतून हात जरा जास्तच पडला, वर टोस ठेवला. दुसऱ्या गॅसवर कुकरची शिट्टी, हॉलमध्ये मिहूचा टीव्ही, फ्रिजपाशी मॅडम नव्या बाईशी फोनवर बोलत उभ्या. त्या पत्ता सांगत होत्या. माझे कान तिकडे.

तेवढ्यात मागून सरकतं दार धाडकन उघडलं.

"सुशे! कलमी जळून राहिली वं! तवा उतरव!"

मी खाली पाहिलं. लोण्यातली पूड कडेनं काळी पडत होती. मला स्वतःला पत्ता नव्हता! मी चिडून ओरडले, "कान हायेत का काय वं तुले! इतक्या दुरून ऐकू आलं?"

"कलमी ऐकू येते का कुठं, येडे? वास येऊन राहिला ना गॅलरीपर्यंत!"

माझ्या हातातला सराटा तसाच राहिला. मॅडम फोनवर सांगत होत्या, "फ्लॅट नंबर चारशे..." आणि चारशेवरच थांबल्या.

इंदूबाई दारात उभी, ओच्यात मेथी, आमच्या दोघींकडे आळीपाळीनं बघत.

"असं काय पाहून राहिल्या वं दोघी? पलटवा ना तो टोस!"